मुलांच्या न्यायालयात उभे राहणारे डॉक्टर





स्मरणिकेसाठी प्रत्येकानं काहीतरी लिहावं, असा संपादक मंडळाचा आग्रह आहे. शाळेच्या आठवणी तुमच्यातले बरेच जण माझ्यापेक्षा छान लिहितील. मी मात्र एका माणसाची ओळख करून देणार आहे. हा माणूस आपल्या शाळेचा नाही, आपल्या देशाचाही नाही. पण गेली वीस-बावीस वर्षं मी गावोगावच्या मुलांबरोबर बालसभा, बालपंचायत असं जे काम करते आहे, त्यात अडलं की मला त्याची आठवण होते. शिवाय आपल्या तुकडीच्या ग्रुपवर सध्या जो विषय रंगला आहे, त्याच्याशीही या माणसाचा संबंध आहे. तो शेवटी सांगते.

त्यांचं नाव डॉ. यानुश कोर्चाक. पोलंडची राजधानी वॉर्सा इथले. आपल्या कोल्हापूरच्या लोकांना पोलंड अगदीच परकं नाही. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले जवळपास पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहत होते, हे आपण घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं आहे. त्या छावणीशी कोर्चाक यांचा काही संबंध नाही. ती उभी राहण्याआधीच ते गेले होते. पण ज्या देशातून ती माणसं आली, त्याच देशातली ही गोष्ट.

कोर्चाक हे त्यांचं टोपणनाव. खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म २२ जुलै, साल १८७८ किंवा १८७९. दोन्ही सालं सापडतात. तेव्हा पोलंड नावाचा स्वतंत्र देशच नव्हता आणि वॉर्सावर रशियाच्या झारचं राज्य होतं. घर सुशिक्षित यहुदी कुटुंबाचं. वडील नामांकित वकील. पण त्यांना मानसिक आजारानं गाठलं, औषधोपचारांत पैसा संपला आणि १८९६ मध्ये ते वारले. शाळकरी हेन्रिकनं शिकवण्या करून घराला हातभार लावला. पुढे एका लेखन स्पर्धेसाठी त्यांनी यानुश कोर्चाक हे नाव घेतलं आणि तेच कायमचं चिकटलं.

१९०५ मध्ये ते डॉक्टर झाले. लगेच रशिया-जपान युद्धावर लष्करी डॉक्टर म्हणून जावं लागलं. परत आल्यावर त्यांनी मुलांच्या रुग्णालयात नोकरी केली आणि लेखक म्हणूनही नाव कमावलं. मोठ्या घरांतून बोलावणी येत होती. स्वतःचा दवाखाना थाटून आरामात राहता आलं असतं. पण त्यांचं मन रमलं ते गरीब वस्तीतल्या मुलांत.

त्या काळी वॉर्सामधल्या गरीब मुलांना उन्हाळ्यात काही आठवडे खेड्यावर हवापालटासाठी नेत. अशा शिबिरांत कोर्चाक स्वयंसेवक म्हणून जात. त्यांच्या ताब्यात तीस मुलगे आले. पहिल्या काही दिवसांतच त्यांचा पुरता बोजवारा उडाला. मुलं ऐकेनात, रात्री गोंधळ घालू लागली आणि हा प्रेमळ तरुण डॉक्टर ओरडू लागला, धमकावू लागला, एकाचा कानही धरला. हे सगळं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. मग त्यांनी मुलांना रानात नेलं आणि त्यांच्याशी बोलायला बसले. त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की इतके दिवस आपण मुलांना सांगत होतो, आज पहिल्यांदा मुलांबरोबर बोललो. मुलांनी कसं व्हावं हे सांगणं वेगळं आणि त्यांना काय हवंय, काय जमेल हे त्यांच्याकडून समजून घेणं वेगळं. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी या एका फरकावर उभं केलं.

१९१२ च्या ऑक्टोबरात वॉर्सातल्या क्रोखमाल्ना रस्त्यावर ९२ क्रमांकाच्या जागेत यहुदी अनाथ मुलांसाठी नवी इमारत उघडली. मुलांचं मोठं दालन, उजेडाच्या खोल्या, स्वच्छ न्हाणीघरं. कोर्चाक या अनाथगृहाचे प्रमुख झाले आणि स्तेफानिया विल्चिन्स्का या बाईंनी रोजचा कारभार सांभाळला. सुमारे शंभर मुलं, वय सात ते चौदा. डॉक्टरांचं नाव जगभर झालं, पण पहाटेपासून रात्रीपर्यंत घर चालवलं ते या स्तेफा बाईंनी. आपल्या गुरुजनांपैकी ज्यांनी वसतिगृह सांभाळलं आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

इमारत सुंदर होती, तरी पहिलं वर्ष फार वाईट गेलं. जुनी मोडकी जागा सोडून आलेली मुलं नव्या शिस्तीला वैतागली. मोठ्यांनी काढलेली प्रत्येक आज्ञा हाणून पाडायची, असा जणू त्यांनी चंगच बांधला. कोर्चाक यांनी शिक्षा वाढवल्या नाहीत. त्यांनी कारभारच मुलांच्या हाती द्यायला सुरुवात केली. तीही टप्प्याटप्प्यानं आणि अगदी साध्या गोष्टींपासून.

पहिली गोष्ट कामांची. झाडणं, पुसणं, टेबलं मांडणं, स्वयंपाकघरात मदत, लहानांकडे बघणं, या सगळ्याच्या पाळ्या लावल्या आणि त्या मुलांनीच सांभाळायच्या. झाडू आणि पोतेरी कुठेतरी जिन्याखाली दडवून ठेवलेली असत. ती त्यांनी सगळ्यांना दिसतील अशा जागी, मानानं उभी केली. दुसरी गोष्ट सूचनाफलकाची. तोही मुलांच्या हाताला येईल इतक्याच उंचीवर, ज्याला जे सांगायचं ते त्यानं लावावं. तिसरी पत्रपेटी. डॉक्टरांशी बोलायचं असेल तर चिठ्ठी टाकायची. यात गंमत अशी, की चिठ्ठी लिहिताना मूल थांबतं, विचार करतं आणि निम्म्या तक्रारी लिहिता लिहिताच विरघळतात. आणि मोठ्या माणसालाही घाईत उडवून लावता येत नाही. नव्यानं आलेल्या मुलाला पहिले तीन महिने एक मोठं मूल पालक म्हणून मिळे. घर कसं चालतं हे त्याला शिक्षकानं नाही, मुलानं शिकवायचं.

यातलं थोडंफार आपल्याही शाळेत होतं. सफाईच्या पाळ्या आपणही केल्या. वर्गातला मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायचा आणि सर आले की त्यांचा निकाल लागायचा. कोर्चाक यांनी मात्र पुढचं पाऊल टाकलं. निकाल देण्याचं कामही त्यांनी मुलांना दिलं.

मुलांचं न्यायालय ही त्यांची सगळ्यात मोठी देणगी. कुणावर अन्याय झाला, मारामारी झाली, वस्तू हरवली, तर फलकावर नाव लिहून खटला भरायचा. आठवड्यातून एकदा न्यायालय बसे. न्यायाधीश पाच, सगळी मुलंच. त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही खटला नाही, अशांमधून चिठ्ठ्या टाकून निवडलेली. मोठ्या माणसाचं काम फक्त चिटणीसाचं. जबान्या लिहून घ्यायच्या आणि वाचून दाखवायच्या. मत द्यायचा अधिकार नाही.

न्यायालयाची कलमं कोर्चाक यांनी लिहिली होती आणि ती वाचण्यासारखी आहेत. पहिली नव्व्याण्णव कलमं या ना त्या कारणानं सोडून देण्याची किंवा क्षमेची. चुकून झालं, माहीत नव्हतं, रागाच्या भरात झालं, पश्चात्ताप झाला आहे, पहिलीच वेळ आहे. शंभराव्या कलमापासून दोष ठरायचा आणि पुढे शंभराशंभरानं गंभीरपणा वाढायचा. वरच्या कलमांत निकाल सर्वांसमोर जाहीर होई, फलकावर लागे, घरच्यांना कळवला जाई. शेवटचं हजारावं कलम म्हणजे संस्थेतून काढून टाकणं. छडी, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं कुठेच नाही.

सगळं सुरळीत चाललं असं समजू नका. काही मुलं ऊठसूट खटले भरू लागली, काही दांडगी मुलं न्यायालयाची टर उडवू लागली, न्यायाधीश कंटाळले. निराश होऊन कोर्चाक यांनी काही आठवडे न्यायालय बंदच ठेवलं. मग सुधारणा करून पुन्हा सुरू केलं. निकाल पटला नाही तर महिन्यानंतर फेरविचार मागण्याची सोय झाली. आणि मोठ्यांवर, अगदी शिक्षकांवरही खटला भरण्याचा हक्क मुलांना मिळाला. मुलांना अधिकार देऊन पाहिला, जमला नाही, म्हणून काढून घेतला, असं आपल्याकडे नेहमी होतं. कोर्चाक यांनी तो दुरुस्त करून परत दिला. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हे सगळं लिहीत आहे, ती ऐका. एका सहामाहीत कोर्चाक यांनी स्वतःच स्वतःवर पाच खटले भरले. एकदा एका मुलाच्या कानाखाली लगावली म्हणून. एकदा एकाला झोपायच्या खोलीतून बाहेर काढलं म्हणून. एकदा कोपऱ्यात उभं केलं म्हणून. एकदा न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून. आणि एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. संस्थेचा प्रमुख, नावाजलेला डॉक्टर आणि लेखक, आपल्याच अनाथगृहातल्या पाच मुलांपुढे जाऊन आपली बाजू मांडत होता.

हे त्यांनी मोठेपणा मिरवायला केलं नाही. त्यामागचा त्यांचा विचार असा होता, की शिक्षकाचं मुलांवर प्रेम असतं म्हणून मुलं सुरक्षित राहतात, यावर भरवसा ठेवू नये. प्रेमळ माणसालाही राग येतो, तोही थकतो, त्याचेही लाडके आणि नावडते असतात. मुलाला खरा आधार मिळतो तो शिक्षकालाही लागू होणाऱ्या नियमाचा. हे पाच खटले आपल्या शिक्षकपणाच्या घडणीचा पायाच ठरले, असं त्यांनी मानलं.

आपल्याकडे चांगल्या गुरुजींची गोष्ट बहुधा मायेची असते आणि तशी माया आपल्याला इथे भरभरून मिळाली, हे सांगताना मला आजही भरून येतं. पण प्रत्येक मुलाच्या वाट्याला असे गुरुजन येतातच असं नाही. ज्याच्या वाट्याला ते आले नाहीत त्याचं काय, या प्रश्नाला कोर्चाक यांनी उत्तर दिलं आहे.

न्यायालयाच्या जोडीला पुढे मुलांची संसद आली. वीस प्रतिनिधी, मुलांनी मतं देऊन निवडलेले. घरातले काही नियम आणि वर्षाचे सण ही संसद ठरवी. २२ डिसेंबर, म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, त्या दिवशी हवं त्यानं अंथरुणातच राहावं. आणि २२ जूनला, सगळ्यात लहान रात्री, हवं त्यानं झोपूच नये. असे सण मुलांशिवाय कोण काढणार?

पहिल्या महायुद्धात कोर्चाक पुन्हा लष्करी डॉक्टर म्हणून गेले. तोफांच्या आवाजात त्यांनी मुलांवर प्रेम कसं करावं या विषयावरचं आपलं मोठं पुस्तक लिहायला घेतलं. १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला. १९१९ मध्ये मारिया फाल्स्का यांच्यासोबत त्यांनी पोलिश मुलांच्या दुसऱ्या अनाथगृहातही हीच पद्धत सुरू केली. १९२० मध्ये त्यांना टायफसनं गाठलं. त्यांची शुश्रूषा करताना आईला लागण झाली आणि ती गेली. हे दुःख त्यांनी जन्मभर उराशी बाळगलं.

१९२२-२३ च्या सुमारास त्यांची ‘राजा माचुश पहिला’ ही मुलांची कादंबरी आली. लहानपणीच गादीवर आलेला राजा मुलांची संसद काढतो, मुलं मोठ्यांची कामं हाती घेतात, मोठे शाळेत जातात आणि राज्य कोलमडतं. मुलांच्या हाती एका दिवसात सगळं सोपवलं की काय होतं, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांच्या घरात अधिकार सूचनाफलकापासून सुरू झाला आणि संसदेपर्यंत सावकाश पोचला.

९ ऑक्टोबर १९२६ रोजी त्यांनी मुलांचं साप्ताहिक काढलं. ‘छोटा आढावा’ असा त्याच्या नावाचा अर्थ. एका यहुदी दैनिकाची ही शुक्रवारची पुरवणी. मजकूर मुलांचा, बातमीदार मुलंच. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कचेरीत येऊन तोंडी सांगावं, असं आवाहन होतं. घरातली भांडणं, शाळेतला अन्याय, रस्त्यावरची टिंगल, असं सगळं त्यात छापून येई. १९३० मध्ये त्यांनी संपादनाची जबाबदारी तरुण इगोर नेव्हेर्ली यांच्याकडे सोपवली. १ सप्टेंबर १९३९ ला, पोलंडवर जर्मन हल्ला झाला त्या दिवशी, शेवटचा अंक निघाला. मधल्या काळात कोर्चाक ‘म्हातारा डॉक्टर’ या नावानं रेडिओवर बोलत. घराघरांत हा आवाज लाडका झाला होता. पण यहुद्यांविरुद्धचा द्वेष वाढत होता आणि १९३६ मध्ये त्यांचा कार्यक्रम बंद करण्यात आला. पुढे १९३८ मध्ये ते पुन्हा रेडिओवर आले.

१९४० च्या नोव्हेंबरात अनाथगृहाला वॉर्साच्या घेट्टोत हलावं लागलं. सामान नेताना मुलांच्या बटाट्यांची गाडी पहाऱ्यावरच्या लोकांनी काढून घेतली. जाब विचारायला कोर्चाक थेट जर्मन पोलिसांच्या कचेरीत गेले, तेही यहुद्यांना सक्तीची असलेली दंडपट्टी न बांधता. मार बसला आणि तुरुंगवास घडला. सुटून आले आणि दारोदार फिरून मुलांसाठी अन्न मागू लागले. उपासमार, आजार, थंडी. तरी घरातल्या पाळ्या आणि शिकवण्या चालूच राहिल्या. मुलांचं न्यायालयही बसत राहिलं. बाहेर कायदा उरलाच नव्हता. या चार भिंतींच्या आत मात्र मुलाची तक्रार अजून नोंदली जात होती.

१८ जुलै १९४२ रोजी मुलांनी एक नाटक केलं. रवींद्रनाथ टागोरांचं ‘डाकघर’. आजारी अमल, बंद खोली, खिडकीतून दिसणारं जग आणि राजाच्या पत्राची वाट. एस्तेरा विनोग्रोन या तरुण सहकारी मुलीनं ते बसवलं होतं. बंगालमध्ये लिहिलेलं नाटक, वॉर्साच्या घेट्टोतली उपाशी मुलं करत होती. त्यानंतर चारच दिवसांनी घेट्टोतून माणसं मृत्युछावणीकडे न्यायला सुरुवात झाली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथगृहाची पाळी आली. सुमारे दोनशे मुलं आणि सगळे शिक्षक. कोर्चाक यांना वाचवण्याचे प्रयत्न मित्रांनी आधी अनेकदा केले होते, त्यांनी प्रत्येक वेळी नकार दिला. मुलांबरोबर ते चालत गेले. स्तेफा बाईही गेल्या. युद्धाच्या तोंडावर त्या पॅलेस्टाइनमध्ये सुरक्षित होत्या, पण १९३९ मध्ये मुलांसाठी परत आल्या होत्या. ट्रेब्लिंकाहून यांच्यापैकी कुणी परतलं नाही.

कोर्चाक यांची गोष्ट सांगताना सगळे या शेवटच्या वाटचालीवर थांबतात. ते साहजिक आहे. पण त्या आधीची तीस वर्षं विसरली तर आपण त्यांना फक्त हुतात्मा करून भिंतीवर टांगू. १९७८ मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा असा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत मांडला तो पोलंडनंच. २० नोव्हेंबर १९८९ रोजी तो करार मंजूर झाला आणि १९९२ मध्ये भारतानंही तो स्वीकारला. त्याचं बारावं कलम सांगतं, की मुलाशी संबंधित निर्णयात मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे.

कागदावर हे आहे. प्रत्यक्षात मी काय बघते? गावच्या कार्यक्रमात मुलांचा सहभाग म्हणजे स्वागतगीत, पाहुण्यांना गुलाबाचं फूल आणि पाठ केलेलं भाषण. शाळेत तक्रारपेटी असते, पण किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच खिशात. बालपंचायतीचा सरपंच मोठ्यांनी नेमलेला. एका गावात मात्र वेगळं पाहिलं. शाळेसाठी आलेल्या थोड्या पैशांचं काय करायचं, हे तिथल्या बालपंचायतीला खरोखरच विचारलं गेलं. मोठ्यांच्या मनात भिंतीवर चित्रं काढायचं होतं. मुलींनी सांगितलं, आधी आमच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी लावा. अगदी किरकोळ खर्चाचं काम होतं. त्या दाराला कडी नाही, हे तोपर्यंत एकाही मोठ्या माणसाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

म्हणून आता आपल्या ग्रुपवरच्या विषयाकडे येते. स्नेहमेळाव्यानिमित्त जमलेल्या निधीतून शाळेला काय द्यायचं, यावर भरपूर चर्चा झाली. कुणी प्रवेशद्वार म्हणतं, कुणी डिजिटल वर्ग, कुणी व्यासपीठ. सगळ्यांच्या मनात शाळेबद्दलची माया आहे यात शंका नाही. पण आज त्या बाकांवर बसणाऱ्या एकाही मुलाला आपण अजून विचारलेलं नाही.

माझी विनंती अशी आहे. निधीचा चौथा हिस्सा मुलांनी निवडलेल्या मंडळाकडे द्यावा. मंडळात मुली निम्म्या असाव्यात आणि निवड गुप्त मतदानानं व्हावी. हिशेब मुलांनी ठेवावा आणि तो फलकावर लावावा. शिक्षकांनी चिटणीसाचं काम करावं. आणि मुलांनी जे ठरवलं ते आपल्याला आवडलं नाही तरी बदलू नये, असं आपण आधीच लिहून द्यावं. पहिल्या वर्षी गोंधळ होईल. कोर्चाक यांच्याकडेही झाला होता. दुसऱ्या वर्षी नियम दुरुस्त करावेत, पण हिस्सा परत घेऊ नये.

आपले मुख्याध्यापक आणि आजी-माजी गुरुजन मेळाव्याला असतीलच. दुपारच्या सत्रात हा विषय घ्यावा आणि त्या बैठकीत नववी-दहावीची चार मुलंही बसवावीत, एवढंच सुचवते. फुलं द्यायला नव्हे, बोलायला.

आपली,
एक वर्गमैत्रीण, दहावी ‘क’